यादीतल्या गावांची शेवटची तारीख

छत्रपती संभाजीनगरच्या घरांत अजिंठ्याचा बेत ठरतो तो बहुधा पाहुण्यांमुळे. नागपूरची आत्या येते, पुण्याचे साडू सहकुटुंब येतात, मुलाचा हैदराबादचा मित्र चार दिवस राहायला येतो आणि मग घरच्यांच्या लक्षात येते की आपण स्वतः अजिंठ्याला शेवटचे गेलो ते शाळेच्या सहलीत. पाहुणे तेवढ्याच मुक्कामात वेरूळ, देवगिरी, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि अजिंठा पाहून मोकळे होतात, कारण त्यांची परतीची तिकिटे काढलेली असतात. यजमानाला कुठेच परतायचे नसते. कन्नड तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी शहरापासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहेत. ती इसवी सनापूर्वीची, अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या पिढीतली. तिथल्या चैत्यगृहाच्या एका खांबावर, हा खांब पैठणच्या गंधिक कुळातल्या मित्रदेवाचे दान आहे, असा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान त्या दरीत पोचले. आज सिडकोत, गारखेड्यात, औरंगपुऱ्यात सारा जन्म काढलेली कितीतरी माणसे तिथे पोचलेली नाहीत. कधीही जाता येईल, म्हणून.

हा काही आपल्याच गावाचा स्वभाव नाही. सुझान शू आणि आयलेट ग्नीझी या अमेरिकेतल्या दोन संशोधक महिलांनी २०१० मध्ये नेमक्या याच गोष्टीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिकागोसारख्या शहरांत त्यांनी लोकांना विचारले की गावातली प्रसिद्ध ठिकाणे तुम्ही किती पाहिलीत. दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्या प्रवाशांनी जेवढी पाहिली होती, तेवढी वर्षभर राहिलेल्या रहिवाशांनीही पाहिलेली नव्हती. गाव सोडून जायची वेळ आली की मात्र रहिवासी धावतपळत सगळे पाहून घेत. मग त्यांनी काही जणांना बेकरीतल्या गोड पदार्थांची कुपने दिली. निम्म्यांच्या कुपनाची मुदत तीन आठवडे, उरलेल्यांची दोन महिने. दोन महिनेवाल्यांना आपण कुपन वापरू याची जास्त खात्री वाटत होती. प्रत्यक्षात तीन आठवडेवाल्यांपैकी ३१ टक्क्यांनी ते वापरले, दोन महिनेवाल्यांपैकी अवघ्या ६ टक्क्यांनी. कष्टाची कामे आपण पुढे ढकलतो हे सर्वांना ठाऊक आहे. आनंदाची कामेही तितक्याच सहज ढकलली जातात, आणि ती ढकलताना मनाला टोचणीही लागत नाही, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

प्रवासाची लांबलचक यादी ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे नीट मनावर घ्यावे असे मला वाटते. पुढे कुठे जायचे हा प्रश्न अवघड होतो तो पर्यायांची गर्दी झाल्यामुळे, असे आपण धरून चालतो. माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. यादीतल्या एकाही नावापुढे तारीख नसते.

आपल्याकडच्या जुन्या याद्या पाहा. अष्टविनायक आठच, नववा कोणी वाढवत नाही. यात्रा मोरगावला सुरू करायची आणि शेवटी पुन्हा मोरेश्वराचेच दर्शन घेऊन पुरी करायची, हा क्रमही ठरलेला. बारा ज्योतिर्लिंगांपैकी पाच महाराष्ट्रातली मानण्याची आपली परंपरा आहे, आणि त्यांतली वेरूळचे घृष्णेश्वर, औंढ्याचा नागनाथ व परळीचा वैजनाथ ही तीन मराठवाड्यात. साडेतीन पीठांपैकी तुळजापूर आणि माहूरही इथलीच. या याद्यांना शेवट आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना तिथी आहेत. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठण, आषाढी एकादशीला पंढरपूर. औंदा कुठे जायचे, हा प्रश्न वारकऱ्याला पडत नाही; पेरणीचे काय करायचे तेवढेच तो बघतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. मागचा २०१५ ला झाला, पुढची मोठी स्नाने २०२७ मध्ये आहेत. ती पर्वणी चुकली तर पुढची एक तपानंतर, हे घरातल्या म्हातारीला कोणी सांगावे लागत नाही, ती स्वतःच बोटांवर मोजून ठेवते.

आपण आज करतो त्या यादीला मात्र तळ नाही. एखादा चित्रपट पाहिला की तिच्यात नाव वाढते, शेजाऱ्यांचे फोटो पाहिले की वाढते, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा धबधबा दिसला तरी वाढते. कमी काहीच होत नाही. आणि तिथी एकालाही नाही. म्हणून ती आपणच लावायला हवी.

ती कशी लावायची याचा एक नियम कारखान्यांच्या जगातून मिळतो. वाळूजला किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना डिस्पॅचची तारीख काय असते हे समजावून सांगायला नको. यंत्र एक, कामे अनेक, प्रत्येकाची मुदत वेगळी; मग आधी कोणते काम यंत्रावर चढवायचे? लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेम्स जॅक्सन यांनी १९५५ मध्ये याचे उत्तर सिद्ध केले. ज्याची मुदत सर्वांत आधी संपते ते काम आधी करा, मग त्यानंतरचे, मग त्यानंतरचे. काम मोठे की लहान, सोपे की किचकट, ते पाहू नका. कोणत्याही कामाला होणारा जास्तीत जास्त उशीर या क्रमाने कमीत कमी होतो. सिद्धताही सुंदर आहे. समजा, एकापाठोपाठ येणाऱ्या दोन कामांपैकी उशिराच्या मुदतीचे काम आधी लावलेले आहे. त्यांची अदलाबदल करा. सर्वांत मोठा उशीर त्यामुळे वाढत नाही. बदलला तर कमीच होतो. अशा अदलाबदली करत गेलो की शेवटी मुदतीचाच क्रम उरतो.

हा नियम प्रवासाच्या यादीला लावला की सर्वांत जास्त कुठे जावेसे वाटते, हा नेहमीचा पहिला प्रश्न मागे सरकतो. तो मागेच असावा, असे माझे मत आहे, कारण ओढ ऋतूप्रमाणे आणि गप्पांप्रमाणे बदलते. आधी विचारायचे ते असे : यांतले काय थांबणार नाही?

सर्वांत ठळक मुदत शरीराची. काही ठिकाणी ती सरकारनेच लिहून ठेवली आहे. अमरनाथ यात्रेला सत्तरीपुढच्या माणसाला जाता येत नाही. परराष्ट्र मंत्रालयामार्फत होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेलाही वयाची अट १८ ते ७० अशी आहे, आणि उंचीच्या मानाने वजन किती असावे त्याचीही मर्यादा आहे. नाव निघते सोडतीत, म्हणजे अर्ज केला की जायला मिळेलच असेही नाही. ही यात्रा २०२० पासून बंद होती, ती २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ ला जो पासष्टीचा होता आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाला, तो दार उघडले तेव्हा एकाहत्तरीचा झालेला होता. अशी माणसे आपल्या ओळखीपाळखीतही असतील.

जिथे कोणी अट लिहून ठेवलेली नाही तिथेही ती असतेच. देवगिरीचा किल्ला घ्या. महाकोटाचे दरवाजे, भारतमातेचे मंदिर, चांदमिनार, चिनी महाल इथपर्यंत नातवाचा हात धरून कोणीही रमतगमत जावे. खंदकावरचा पूल ओलांडला की किल्ला बदलतो. पुढे अंधारी लागते. डोंगर पोखरून केलेला हा वळणावळणाचा चढता मार्ग. पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, झिजलेल्या. वटवाघळांचा वास नाकात बसतो आणि पुढचे पाऊल कुठे ठेवायचे ते टॉर्चशिवाय कळत नाही. तिथून बाहेर आल्यावर बारादरीपर्यंत पुन्हा पायऱ्याच पायऱ्या. चढताना धाप लागते ती बसून घालवता येते, पण उतरताना गुडघे बोलू लागतात आणि त्यावर इलाज नसतो. पितळखोऱ्याला तर उलटाच प्रकार. तिथे आधी दरीत उतरायचे असते आणि चढ येतो तो परतताना, दमल्यावर, उन्हात. वेरूळचे कैलास लेणे साठीतही पाहता येते आणि पंचाहत्तरीतही, निदान खालच्या अंगणातून. देवगिरीची बारादरी आणि पितळखोरे यांना ती सवलत नाही. म्हणून पन्नाशीच्या माणसाच्या यादीत, कितीही जवळ असली तरी, ही दोन वेरूळच्या वर हवीत.

ऋतूची मुदत दरवर्षी परत येते, तरी ती सर्वांत जास्त चुकते. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या धुमार लेण्याशेजारी सीतेची न्हाणी म्हणतात तो धबधबा पावसाळ्यातच कोसळतो. अजिंठ्याच्या घोड्याच्या नालेसारख्या कड्यातून वाघूर वाहते आणि सातकुंडांवरून उड्या घेते ती पावसाळ्यात आणि त्यानंतरचे थोडे दिवस. मे महिन्यात त्याच जागी तापलेला काळा दगड असतो. जायकवाडीच्या नाथसागरावर रोहित आणि पट्टकदंब हंस बघायचे तर हिवाळ्यातच जायला हवे. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा तिचे वर्ष गाठावे लागते. लांबच्या यादीतले एक उदाहरण सांगतो, कारण त्यात पुष्कळ मराठी घरे फसतात. दिवाळीच्या सुट्टीत केदारनाथ करू, असे ठरते. केदारनाथाचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद होतात ते भाऊबीजेच्या दिवशी. लक्ष्मीपूजन घरी करून निघालेल्याला ते उघडे सापडण्याची आशा जवळजवळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. म्हणजे केदारनाथ मे-जूनमध्ये, नाहीतर गणपती उठल्यावर दिवाळीआधी. यादीत त्याच्यापुढे हेच लिहायला हवे.

तिसरी मुदत त्या जागेची स्वतःची. ही बोलायला नको वाटते, पण अजिंठ्याच्या दारात राहणाऱ्यांना ती टाळता येणार नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने एका खांबावरच्या चित्रात आपले नाव व तारीख खरवडली. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते, कारण त्या वेळी लेण्यात साचलेल्या मातीदगडांच्या ढिगावर तो उभा होता. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी कित्येक वर्षे तिथे राहून भित्तिचित्रांच्या मोठाल्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा तेच काम करत होते, आणि त्यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. ज्यांनी पाहून उतरवून घेतले त्यांचे काम गेले आणि मूळ भिंतीवरचे रंगही त्यानंतर विरतच गेले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रे सावरून धरली. पण त्यासाठी दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला. आता फर्दापूर फाट्यावर खासगी गाड्या अडवतात, फ्लॅश मारू देत नाहीत, चित्रांच्या लेण्यांत गर्दी होऊ देत नाहीत, हे सारे योग्यच आहे. तरी ओलावा, श्वास आणि काळ यांच्यापुढे रंग जेवढा टिकेल तेवढाच टिकेल. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आज जेवढा दिसतो तेवढा नातवंडांना दिसेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. लोणारच्या विवराचे तसे नाही. बेसाल्टमध्ये उल्केने पाडलेला तो पावणेदोन किलोमीटरचा खळगा हजारो वर्षे तसाच आहे आणि राहील. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले ते मात्र तेवढ्याच दिवसांपुरते. ज्यांनी बातमी वाचून पुढच्या महिन्यावर टाकले, त्यांना नेहमीचे हिरवट पाणी दिसले.

सोबतीची मुदत तर सांगायलाच नको. आई-वडील हिंडतेफिरते आहेत तोवर, आणि मुलांना आपल्याबरोबर यावेसे वाटते आहे तोवर. दहावी-बारावीची दोन वर्षे आणि नंतर होस्टेल, एवढा हिशेब केला तरी पोटच्या पोरांबरोबरच्या किती उन्हाळी सुट्ट्या उरल्या ते कळते.

जॅक्सन यांचा नियम एका ठिकाणी अपुरा पडतो. सगळीच कामे मुदतीत बसणार नसतील तर केवळ क्रम लावून भागत नाही, काही गाळावे लागते. मायकेल मूर यांनी १९६८ मध्ये त्यावर पद्धत सांगितली. मुदतीच्या क्रमाने कामे घेत चला. ज्या क्षणी एखादे काम मुदतीबाहेर जाऊ लागेल त्या क्षणी थांबा, आणि तोवर घेतलेल्यांपैकी सर्वांत जास्त वेळ खाणारे काम काढून ठेवा. ते एक बाहेर गेले की बाकीच्यांना जागा होते. अशाने मुदतीत पुऱ्या होणाऱ्या कामांची संख्या सर्वांत जास्त राहते. प्रवासाला हे डोळे मिटून लावू नये. सर्वांत जास्त दिवस आणि पैसे मागणारा प्रवास हाच कित्येकदा आयुष्यभराचा ध्यास असतो, आणि ज्याच्यासाठी बाकी दहा ठिकाणे सोडावीत असे एखादे ठिकाण बहुतेकांच्या मनात असते. ओढ विचारायची ती इथे. मानसरोवरासाठी महिन्याभराची रजा जाणार असेल आणि आईच्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षे तेच असेल, तर गाळायचे दुसरे काही शोधावे. मात्र कोणाच्यातरी सांगण्यावरून यादीत शिरलेला पंधरा दिवसांचा परदेश दौरा घरातल्या पाच लहान प्रवासांची वाट अडवून बसला असेल, तर मूर यांचे ऐकण्यातच शहाणपण आहे.

तारीख ठरवण्याचा आणखी एक लाभ आहे. नेदरलँड्समध्ये दीड हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की सुट्टीला जाणारी माणसे इतरांपेक्षा जास्त आनंदी होती ती जाण्याच्या आधी. परतल्यावर बहुतेकांचा आनंद न गेलेल्यांइतकाच होता. तिकीट लवकर निघाले तर वाट पाहण्याचे ते सुख जास्त दिवस मिळते. नुसत्या यादीवर असलेल्या गावाची कोणी वाट पाहत नाही.

आता हे सारे एका घराला लावून पाहू. समजा, सिडकोतले चौघांचे कुटुंब आहे. आजी अडुसष्ट वर्षांच्या, नवरा-बायको पंचेचाळिशीच्या आसपास, मुलगी नववीतून दहावीत गेलेली. यादीत मानसरोवर, केदारनाथ, लडाख, जपान, अमृतसर, अष्टविनायक, लोणार, पितळखोरे. आजींच्या मानसरोवराला दोनच हंगाम उरले आहेत, आणि सोडत असल्यामुळे दोन्ही वर्षी अर्ज करायला हवा. २०२५ ला अर्ज एप्रिलच्या अखेरीस मागवले होते, तेव्हा पासपोर्ट आणि तब्येतीच्या तपासण्या त्याआधी उरकायच्या. जपान हा मुलीचा आग्रह. तिथला चेरीचा बहर मार्चअखेरीस ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो, पण त्यासाठी लागणारे पैसे आणि दिवस पाहता यंदा बाजूला ठेवायचा प्रवास तोच. तिच्या बारावीनंतरही बहर येणार आहे. लडाखला सत्तरीला आलेल्या आजींना न्यायचे की नाही ते डॉक्टरांनी ठरवावे, आणि ते मानसरोवराच्या तपासणीत आपोआप कळेल.

लोणार हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी. वाटेत जालन्यापुढे सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान होते. १२ जानेवारीला तिथे जयंतीची गर्दी असते, ती हवी असेल तर तोच दिवस धरावा. पितळखोरे दसऱ्याच्या सुमारास, रान हिरवे असताना आणि पायवाटा वाळल्यावर. अष्टविनायकाला या गावच्या माणसाने शास्त्रातल्या क्रमाचा फार बाऊ करू नये असे मी म्हणेन. पुण्याच्या रस्त्यावर रांजणगाव आधी लागते आणि जाता-येता तिथे हात जोडले जातातच. ओझर आणि लेण्याद्री जुन्नरच्या बाजूला एका मुक्कामात होतात. ज्यांची श्रद्धा क्रमावर आहे त्यांनी मोरगावापासून सलग तीन दिवस काढावेत, तेही चांगलेच.

केदारनाथाचे वर सांगितलेच. राहिले अमृतसर. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस या गावावरून थेट तिथे जाते, त्यामुळे आजींना गाडी बदलण्याचा त्रास नाही. मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपेल आणि पंजाबात एप्रिलच्या सुरुवातीला ऊन अजून सोसण्यासारखे असते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, पूर्वी ते एकशेवीस दिवस होते. तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायचे तर तिकीट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला काढायला बसले पाहिजे, म्हणजे बोर्डाचा पहिला पेपर व्हायच्याही आधी.